काचेपलीकडे

ताई : उघड ना गं! दार ढकलून ढकलून खांदा दुखायला लागला.

धाकटी : ढकलून उपयोग नाही, ताई. हे कुलूप सर्व्हरच्या हुकमावर चालतं. आणि सर्व्हर बंद पडलाय. मीच पाडलाय.

ताई : आईला ऑपरेशनला न्यायला आलेत. ती म्हणते, धाकटीला बघितल्याशिवाय हलणार नाही. आणि तू इथे सर्व्हरच्या खोलीत कोंडून घेतलंयस!

धाकटी : डिस्क गच्च भरली होती. सगळ्या दवाखान्याचे रिपोर्ट अडकले. ज्या डिरेक्टरीत नोंदी साठतात, ती उचलून नव्या डिस्कवर नेली. मशीनला नवा पत्ता लिहून दिला, बंद करून चालू केलं. आता ते म्हणतंय, या पत्त्यावर कुणी राहतच नाही.

ताई : आतून उघडायचं बटण असेल की.

धाकटी : आहे. दाबलं की आत जातं आणि तिथेच बसतं.

ताई : दुरुस्तीवाल्यांना फोन केला मी. ते लिफ्टमध्ये अडकलेल्यांना काढतायत म्हणे. आजच करायचं होतं हे? रजेवर होतीस ना तू?

धाकटी : आईच्या खाटेशेजारी बसवेना मला. इथून बोलावणं आलं, तर सुटल्यासारखं वाटलं.

ताई : मला बसवत होतं होय? … थांब. स्ट्रेचर इकडून न्यायला सांगते.

(स्ट्रेचरची चाकं दाराशी येऊन थांबतात.)

आई : कुठाय? चष्मा काढून घेतला मेल्यांनी.

ताई : काचेपलीकडे बघ. ती निळी दिसते ना, तीच.

आई : काय गं, रडतेस?

धाकटी : नाही. एसीनं सर्दी झालीय.

आई : जेवलीस का?

धाकटी : आई, तुझं ऑपरेशन आहे!

आई : मग उपास मला. तुला कुणी सांगितलाय? काय अडलंय तुझं?

धाकटी : पत्ता लिहिताना चुकलाय. कुठे ते सापडत नाहीये.

आई : सापडेल. घाई या लोकांना आहे, तू नको करूस. चला रे, न्या मला. बघितली मी तिला.

धाकटी : आई, थांब ना! ताई, थांबव त्यांना!

ताई : वळली गं गाडी. तू काच बडवू नकोस. जा, त्या कॉम्प्युटरच्या पडद्यापाशी जा.

धाकटी : बघतेय… पत्त्यातला हा नंबर नव्या डिस्कचा नाहीच. ताई, गेल्या महिन्यात काढून टाकलेल्या डिस्कचा नंबर लिहिलाय मी!

ताई : मग बदल की!

धाकटी : बदलला. चालू होतंय… तपासतंय… किती तपासशील रे बाबा… सापडली! त्याला डिरेक्टरी सापडली!

ताई : खट्ट वाजलं! ओढ दार, ओढ!

धाकटी : कुठे नेलं? कुठल्या दारातून?

ताई : पळू नकोस. त्या समोरच्या. दिवा लागलाय वर, आता आत नाही सोडणार आपल्याला.

धाकटी : मला काही सांगितलं तिनं?

ताई : म्हणाली, दार उघडलं की तिला आधी पाणी द्या. हे घे… अगं, अनवाणीच आलीस?

धाकटी : चपला आत राहिल्या.

ताई : राहू देत. बस इथे. फरशी गार आहे, माझ्या पायांवर पाय ठेव.