आज हवा झकास हाय

हसायचं तर हसा गड्यांनो, पर मला आमच्या मामांनी दोन दिसांत येडा ठरवला व्हता.

लढाई संपली आणि मी इटलीतनं कोरेगावला परत आलो. आमचा गोरा कप्तान रोज सकाळी भेटला की आदी हवेचं बोलायचा. तीच सवय मला लागली. बांधावर मामा दिसलं की मी म्हणायचो, "मामा, आज हवा लय झकास हाय."

मामा आभाळाकडं बघायचं, मग माझ्याकडं. "बरं. काय पायजे तुला?"

दुसऱ्या दिशी मामांना संगं घेऊन बैलगाडी बाजाराला काढली. इटलीत समदी वाहनं उजव्या अंगानं जात्यात, तशीच मी बी हाकली. समोरनं मोटार आली तवा मामांनी कासरा हिसकून घेतला.

"ही कुठली रीत रं?"

"इटलीची, मामा."

मामांनी गाडी थेट डॉक्टरच्या दारात नेली. "सायेब, पोरगं हवेबद्दल बोलतंय."

मी सवयीनं डॉक्टरला बी म्हणालो, "आज हवा झकास हाय."

डॉक्टर लढाईत इटलीलाच व्हतं. लय खूश झालं. "छान आहे, पण नेपल्सची मजा वेगळी!" अर्धा तास आमी तिथल्या हवेचं आणि मोटारींचंच बोलत बसलो. मामा एकदा माझ्याकडं बघायचं, एकदा डॉक्टरकडं.

शेवटी त्यांनी कनवटीला हात घातला. "फी किती?"

"अहो, याच्याकडून कसली फी घ्यायची?"

आता आमच्याकडं डॉक्टर फी नको म्हणाला, की मानूस हातचा गेला समजायचं. बाहेर आल्यावर मामांनी माझ्या पाठीवरनं हात फिरवला. डोळं भरून आलं व्हतं.

"पोरा, काय खावंसं वाटतंय का रं तुला?"