चपलांपाशी

भागिरथा : आत्याबाई, चपलांपाशी काहून बसल्या? पायरी तापली हाय. आत चाला.

केशरबाई : मी अठीच बरी. ध्यान तुले शिकाचं हाय, सूनबाई. पोरीले दे माह्यापाशी.

भागिरथा : छप्पनले दीक्षा घेतली. अठरा वर्सं झाले, अन् तुमी अजून बाहेरच?

केशरबाई : घेतली ना. पन उंबरा दिसला का पाय आपोआप थांबते. लहानपनापासूनची सवय.

भागिरथा : हे देऊळ नोहे, आपला विहार हाय. कामरगावहून विटा तुमीच आनल्या ना गाडीत बसून?

केशरबाई : आनल्या. डोक्यावर वाह्यल्या बी, दोन उन्हाळे. भिंती चढल्या तशी मी बाहेर.

भंते : भागिरथाताई, या. आणि या माय कोण?

भागिरथा : वंदामी, भंते. ह्या माह्या सासूबाई. आत याले तयार नाही.

केशरबाई : वंदामी. भंते, तुमी जपानातून शिकून आले ते ध्यान म्हंजे काय? मंतर हाय?

भंते : मंत्र नाही. भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि श्वास मोजायचे. एक ते दहा.

केशरबाई : भिंतीकडं तोंड तं रुसलेली सून करते.

भागिरथा : आत्याबाई.

भंते : मीही आधी रुसल्यासारखाच बसायचो. गुडघे फार दुखायचे.

केशरबाई : अन् दहा झाले का?

भंते : पुन्हा एक.

केशरबाई : मंग पोचाचं कुठी?

भंते : कुठंच नाही. बसलो तिथंच.

केशरबाई : एवढ्यासाठी जपानात गेले?

भंते : तिथल्या मठात नव्या माणसाला पहिलं काम काय देतात, सांगू? दारातल्या चपला सरळ लावायच्या.

केशरबाई : अन् मंग?

भंते : मग आत यायचं. लावून झाल्यावर बाहेर थांबायची रीत नाही.

केशरबाई : ह्या तं मी कवाच्याच लावल्या.

भंते : तेच पाहतोय मी.

केशरबाई : ... भागिरथे, पोरीले धर जरा. हात दे. कोनत्या भिंतीपाशी बसू?

भागिरथा : तुमाले वाटन त्या.

केशरबाई : उगवतीच्या. तिच्या विटा माह्या हातच्या हायेत.

(तिघं भिंतीकडं तोंड करून बसतात. तान्ही भागिरथाच्या मांडीवर झोपी जाते.)

भागिरथा : कितीपर्यंत मोजलं, आत्याबाई?

केशरबाई : तीन. मंग मोजनंच राह्यलं.

भागिरथा : काय आलं मनात?

केशरबाई : काही नाही वं. आतली फरशी किती थंड हाय.