डावा कुणाचा?

सुजलेला पाय सांभाळत कवायतीचे मास्तर प्लास्टरच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. आत पडद्याआड सिस्टर प्लास्टरवाल्याला फैलावर घेत होत्या.

"त्या बाईंचा धडधाकट पाय प्लास्टरमध्ये घातलास! शेजारचा भोपळ्याएवढा सुजलेला दिसला नाही?"

"कागदावर डावा होता, सिस्टर. मी समोर उभा होतो, म्हणून माझ्या डाव्या बाजूचा धरला."

"तू काय आरसा आहेस?"

"मला आता पट्ट्या गुंडाळायलाच बसवा. हात लावायचा धीर होत नाही."

"वा रे वा! पाय त्यांचा मोडला आणि लटपटतोयस तू! पट्ट्या गुंडाळायला ढिगानं माणसं मिळतात मला. बाहेर पेशंट ताटकळलाय, जा."

"पुन्हा चुकलो तर?"

"तर तुझ्या तोंडालाच प्लास्टर घालीन. निघ!"

पडदा सरकला. घामाघूम झालेला प्लास्टरवाला बाहेर आला, मास्तरांसमोर न थांबता वळसा घालून त्यांच्या शेजारी बाकावर बसला आणि त्यांच्यासारखेच पाय पुढे केले.

"काका, कुठला?"

"डावा."

"कुणाचा डावा, ते विचार!" सिस्टर आतून कडाडल्या.

"आता दोघांचाही एकाच बाजूला आहे, सिस्टर."