झोपली का?

आता मला सांगा, खुर्चीला कुणी 'काकू, जरा सरकता का' म्हणतं का? माझी धाकटी बहीण म्हणाली. भर सकाळी, दात घासून स्वयंपाकघरात आली, वाटेत खुर्ची होती, तिला म्हणाली, 'काकू, जरा सरकता का', थोडा वेळ अदबीने थांबली आणि काकू सरकेनात म्हणून वळसा घालून गेली. आई-बाबा हसले. मी नाही हसले. मी कप खाली ठेवून तिच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. मी घाबरट, मान्य. दाराची बेल वाजली तरी मी जागच्या जागी उडते. पण डोळे उघडे ठेवून झोपलेलं माणूस तुम्ही पाहिलंय कधी?

तिची प्रवेश परीक्षा तोंडावर आलेली. ती आणि तिच्या क्लासमधल्या मैत्रिणी रात्रभर फोनचे कॅमेरे चालू ठेवून अभ्यास करायच्या, एकमेकींवर पहारा म्हणून. एखादीची मान कलली की बाकीच्या तिच्या नावाने ओरडणार. क्लासच्या सरांना सांगायला गेले, तर घसा खाकरून म्हणतात, 'झोप काय, परीक्षा झाल्यावर आयुष्यभर आहेच.' अहो, पण तोवर आयुष्य शिल्लक राहायला नको का... हे मी मनात म्हटलं. तोंडाने 'हो सर' म्हटलं. मी घाबरट, मान्य.

शेवटी मीच तिला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, म्हणाल्या, 'हिला दुसरं काही झालेलं नाही. हिला झोपू द्या. बास.' ऐकायला किती सोपं... पण आमचं घर पडलं उत्साही. मैत्रिणींचा पहारा उठला आणि आमचा बसला. आईने बेलमध्ये कापूस कोंबला, बाबा मोजे घालून भिंतीच्या कडेकडेने चालायला लागले, आणि दुपारी धाकटी जरा आडवी झाली रे झाली की आई दार किलकिलं करून, 'झोपलीस का गं?' आतून आवाज, 'झोपत होते.' आई दार लावते तोच बाबा, 'काय म्हणाली?' 'झोपत होती म्हणाली.' 'मग आता?' ते मग स्वतःच बघायला आत. तेवढ्यात मावशीचा फोन, 'झोपली का? विचार ना तिला.' आणि मी? मी तर तिच्या नाकाशी बोट धरून बघायचे, श्वास चालू आहे ना म्हणून... ती किंचाळून उठायची, तिच्या किंचाळण्याने मी किंचाळायचे. एकदा उशी कवटाळून म्हणाली, 'ताई, मला आता झोपायचीच भीती वाटते. डोळे मिटले की वाटतं, येईल कुणीतरी बघायला.' यावर मी काय करावं? रडले. मग तीच माझी समजूत काढत बसली, म्हणजे तीही दुपार गेली.

आणि काल क्लासची शेवटची सराव परीक्षा. बसने जायचं, उतरलं की समोरचा मोठा रस्ता ओलांडायचा. सोबत येते म्हटलं, तर म्हणाली, 'ताई, तू असलीस की मला जास्त धडधडतं.' गेली एकटी. मी ऑफिसात पर्स ठेवते न ठेवते तोच क्लासमधून फोन, 'तुमची बहीण अजून आलेली नाही. आम्ही गेट बंद करणार.' तिला फोन लावला. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाई फायलीतून डोकं न काढता म्हणतात, 'पोचली असेल गं. तुझं नेहमीचंच.' नेहमीचंच आहे हो. पण खुर्चीला काकू म्हणणारी मुलगी समोरून येणाऱ्या ट्रकला काय म्हणेल, सांगा... 'काका, जरा थांबता का?'

पुन्हा लावला. जिन्यात जाऊन लावला. घाईघाईत एकदा चुकून सरांनाच लागला, 'हो सर' म्हणून ठेवून दिला. मी घाबरट, मान्य, पण इतका वेळ नुसती रिंग... पुन्हा लावला, आणि उचलला. पुरुषाचा आवाज. दबका. मी तिथेच पायरीवर बसले. 'कोण? कोण बोलतंय? कुठे आहे ती?'

'हळू बोला, ताई,' तो म्हणाला. 'मी बसचा कंडक्टर. गाडी डेपोत लागलीये, सगळे उतरले, ही एकटी मागच्या सीटवर आहे. फोन थांबेना म्हणून मी उचलला. झोपलीये ती, गाढ... उठवू का?'

गेट बंद व्हायला अजून थोडा वेळ होता. 'नको,' मी कुजबुजले, 'मीच येते तिकडे.' तुम्हाला सांगते, इतक्या दिवसांत उठवायच्या आधी विचारणारा हा पहिलाच माणूस. आम्ही घरचे आपले आधी उठवायचो, आणि मग विचारायचो.