कॉम्प्युटरले कुंकू

वर्धा स्टँडवर पुलगावच्या एसटीची वाट पाहत दोन म्हाताऱ्या माझ्या शेजारच्या बाकावर बसल्या होत्या.

“काऊन वच्छलाबाई, आज मोठ्या खुशीत दिसून राह्यल्या?”

“सुटली ना बाई मी! दसऱ्याले सुनेच्या जुन्या कॉम्प्युटरले कुंकू लावलं. तवापासून त्यात नवा प्रोग्राम बसेच नाई. सून म्हणे, आतमंदी तुमचं कुंकूच गेलं.”

“मंग?”

“आज मेकॅनिक आलता. आतल्या घड्याळाचा सेल संपला म्हणे. कॉम्प्युटरले वाटे, अजून १९८० सालच चालू हाय. नवा प्रोग्राम घेईन कसा? सेल बदलला, तारीख टाकली, लगेच बसला.”

“अन् सून काय म्हणे?”

“देवघरातून कुंकवाचा करंडा आणला अन् माह्या हातात देल्ला.”