एकशे तीस, ऐंशी

(औषधांच्या दुकानामागची खोली. टेबलावर गोळ्यांची तीन पाकिटं, एक वही, रक्तदाब मोजायचं यंत्र. दुकान थोरल्या बहिणीचं. धाकटा भाऊ बांधकामावर उंच क्रेन चालवतो.)

ताई : बारा दिवसांचे आकडे, आणि शाई सगळी एकाच बैठकीतली. रोज सकाळी एकशे तीस, ऐंशी.

भाऊ : चांगलाय की आकडा.

ताई : फारच. इतकं शहाणं रक्त आपल्या घराण्यात कुणाचं नाही. दंड पुढे कर.

भाऊ : सायकल मारत आलोय. जास्तच येणार.

ताई : मग पाच मिनिटं गप्प बस. जमेल तेवढं?

भाऊ : ...झाली पाच.

ताई : एकशे बहात्तर, एकशे चार. पुन्हा घेते. एकशे सत्तर, एकशे चार. आता बोल.

भाऊ : काय बोलू? पहिल्या गोळीनं घोटे सुजले, बूट चढेनात. दुसरीनं कोरडा खोकला. वॉकीटॉकीवर खालच्यांना माझा शब्द कळेना.

ताई : आणि ही तिसरी, लघवी वाढवणारी?

भाऊ : ताई, केबिन पन्नास मीटरवर. शिडीनं उतरायला-चढायला अर्धा तास. ही बया तासातासाला खाली बोलावते.

ताई : म्हणून कामाच्या दिवशी घेतच नाहीस.

भाऊ : रविवारी घेतो ना.

ताई : आणि डॉक्टरांनी तुझी वही बघून ठरवलं, तिघींत हीच सरस. न खाल्लेल्या गोळीचा पहिला नंबर.

भाऊ : खरे आकडे लिहिले असते तर केबिन गेली असती.

ताई : अजून एक जात आहे गोळीची. काम दुसरीसारखंच, पण खोकला सहसा होत नाही. तुला चालेल का, ते डॉक्टर बघतील. पण त्यांना खरी वही लागेल. अजून काय लपवलंयस?

भाऊ : काही नाही.

ताई : माझ्याकडे बघून सांग.

भाऊ : परवा लोखंडी तुळई उतरवत होतो. डोळ्यांपुढे अंधारी आली. क्षणभरच.

ताई : खाली किती जण होते?

भाऊ : चार.

ताई : ऊठ. आत्ताच जायचं डॉक्टरांकडे. मी शटर ओढते.

भाऊ : थांब, आधी एक फोन... साहेब, क्रेनवरून बोलतोय, म्हणजे, क्रेनवाला. उद्या वर दुसरा माणूस चढवा. माझा रक्तदाब वाढलाय. दोन महिने झाले, सांगितलं नव्हतं.