मागची लाल काच

भावाच्या सायकलवर मागं बसून येताना अंधारात ट्रकनं मागून उडवलं; भाऊ वाचला आणि बनुबाई गेली, हा निरोप तिच्या नवऱ्याला, रंगनाथला, काष्टीच्या बाजारात मिळाला. दोन महिन्यांनी तो तिथल्याच सायकलच्या दुकानात उभा होता. शेजारी एक नवराबायको भांडत होते.

“मागं लाल काच कशाला? पुढं बत्ती हाय की.”

“बत्तीनं तुमाला दिसतं. मागच्या ट्रकला आपन कुठं दिसतो?”

“तू बसलीस की डोंगर दिसतो!”

“व्हय, काळी घोंगडी पांघरलेला डोंगर! बसवून घ्या गुमान.”

काच बसली. बाई कॅरिअरवर बसली.

“ताई, घोंगडी वर घ्या. काच झाकतीय,” रंगनाथ म्हणाला.

“अगं बाई! बरं झालं, दादा. कसं ध्यानात आलं तुमच्या?”

“निघा आता. अंधार पडंल.”

बनुबाईच्या भावाला भेटायला रंगनाथ अजून गेलेला नाही.